खट्ट वाजणारी भट्टी

"वन्सं, त्या मांजरीला सांगा, भट्टीचं दार असं सताड उघडं टाकलं की खारी फुलत नाही."

मी खांद्यावरची बॅग अजून उतरवलीही नव्हती. थोरली वहिनी, अनसूयावहिनी, पत्र्याच्या टेबलाशी उभी राहून मैद्याचा गोळा लाटत होती. मांजर कुठेच दिसत नव्हती. भट्टीच्या दाराशी होती ती धाकटी, रेवती. तिनं ट्रे आत सारला, दार लावलं, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे बघून गोड हसली.

"ताई, त्या भिंतीला सांगा, दार उघडल्याशिवाय ट्रे आत जात नाही."

मी मांजरीलाही सांगितलं आणि भिंतीलाही सांगितलं. एवढा प्रवास करून आलेल्या नणंदेला निदान कपभर चहा तरी मिळावा, म्हणून. चहा आला. एक कप थोरलीनं आणला, एक धाकटीनं आणला, आणि कुणाचा आधी उचलते ते बघायला दोघी दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मी दोन्ही हातांत दोन कप धरले आणि एकदा इकडचा, एकदा तिकडचा घोट घेत बसले. आता इतक्या वर्षांनी हे सांगताना हसू येतं, तेव्हा मात्र जीभ भाजली होती.

ही गोष्ट आमच्या फलटणच्या घरची. घराच्या मागच्या अंगाला आमची बेकरी. आधी लाकडाची भट्टी होती, पण धुराच्या तक्रारी वाढल्या तेव्हा माझ्या दोघा भावांनी कुठूनशी एक विजेची जुनी भट्टी आणून बसवली. भट्टी त्यांनी आणली, पण चालवायच्या माझ्या दोन्ही वहिन्या. खारी थोरलीची, नानकटाई धाकटीची. दादा गल्ल्यावर बसायचा, धाकटा सुधाकर सायकलवर पेट्या लादून गावोगाव माल पोचवायचा. चौघांचं झकास चाललं होतं. गौरीच्या सुमाराला मामलेदारीणबाईंच्या लेकीचं डोहाळजेवण आलं आणि सगळं फिसकटलं.

आमच्याकडे लोक स्वतःचं तूप, मैदा, साखर घेऊन येतात आणि बेकरीतून नानकटाई भाजून नेतात. त्यामुळे माल करपला तर नुसता आमचा माल करपत नाही, बाईंचं घरचं तूप करपतं, आणि ते बाई जन्मात विसरत नाहीत. तर मामलेदारीणबाईंची नानकटाई खालून कोळसा आणि वरून कच्ची निघाली. थोरली म्हणाली, हिनं बटण फिरवून ठेवलं. धाकटी म्हणाली, यांनी ट्रे उशिरा काढला. सगळं चारचौघांत, मामलेदारीणबाईंच्या देखत. त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. दिवसभर एकाच भट्टीपुढे खांद्याला खांदा लावून उभ्या राहायच्या आणि बोलायचं ते मांजरीशी, भिंतीशी, नाहीतर कणकेच्या गोळ्याशी.

यावर आमच्या दादानं आपली अक्कल चालवली. दिवाळी झाली की वाटण्या करायच्या, घराच्या मधोमध भिंत घालायची, थोरलीला एक भट्टी, धाकटीला दुसरी. मला फोनवर मात्र एवढंच म्हणाला, "नलू, भट्टी नीट तापत नाही, येऊन बघून जा." मी पुण्याला एका कारखान्यात औद्योगिक भट्ट्यांची विजेची पॅनेलं बनवायचे, म्हणून हे आमंत्रण. आल्यावर पहिल्या रात्री जेवताना त्यानं वाटण्यांचं सांगितलं आणि मी हातातला घास परत ताटात ठेवला.

आई जाऊन तीन वर्षं झाली होती. माझं माहेर म्हणजे काय, तर या दोघी. भाऊ आहेतच, पण भाऊ काय, "आलीस का" म्हणतात आणि पेपर वाचायला लागतात. माहेरी डोकं चोळून देणारी थोरली आणि जाताना पिशवीत चोरून डबा कोंबणारी धाकटी. मध्ये भिंत घातली की भाऊबीजेला आधी कुणाच्या दारात पाय ठेवायचा? ज्या दारात नंतर जाईन तिथं वर्षभर तोंडं फुगलेली. अर्ध्या अर्ध्या दोन माहेरांपेक्षा मला अख्खं एक हवं होतं, आणि ते सरळ तोंडावर मागायची सोय नव्हती. मागितलं असतं तर दोघींनी मान डोलावली असती आणि मांजरीला माझ्याबद्दल सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पॅनेल उघडलं. आत एक बाबा आदमच्या काळातला कॉन्टॅक्टर होता. म्हणजे मोठं बटणच म्हणा. भट्टी गार झाली की तो खट्ट करून चिकटतो आणि कॉइल पेटतात, तापली की खट्ट करून सुटतो आणि कॉइल विझतात. वाईट नाही बिचारा, पण आळशी. गार झाल्याचं त्याला उशिरा कळतं, तापल्याचंही उशिरा कळतं. मी माझा तापमापक आत सोडला आणि दुपारभर स्टुलावर बसून राहिले. बाहेरचं बटण दोनशेवर, आणि आतला पारा कधी खाली घसरतोय, कधी वर उसळतोय. पारा वर असताना खारी आत गेली तर करपणार, पारा खाली असताना नानकटाई गेली तर बसणार. कुणी बटण फिरवायला नको की कुणी ट्रे विसरायला नको.

मला कोण आनंद झाला. मी दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं, बायांनो, त्या दिवशी चूक तुझीही नव्हती आणि तुझीही नव्हती, चूक या डबड्याची होती.

दोघींचेही चेहरे पडले.

मला वाटलं होतं, गळ्यात गळे घालतील. पण दोन महिने जे भांडण दोघींनी जिवापाड जपलं, ते असं एका डबड्याच्या अंगावर टाकून मोकळं व्हायचं, हे काही त्यांना रुचलं नाही. थोरली उठता उठता कणकेच्या गोळ्याला म्हणाली, यंत्राला काय, बोलता येत नाही म्हणून कुणीही त्याच्यावर घालावं. धाकटीनं भिंतीकडे बघून मान हलवली. दोन महिन्यांत पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं, आणि तेही माझ्याविरुद्ध.

बरं, मग आता भट्टीत त्या जुन्या कॉन्टॅक्टरच्या जागी काय बसवायचं? पुण्याहून येताना मी एक थायरिस्टर बरोबर आणला होता. त्यात हलणारं काही नसतं, खट्ट नाही की फट्ट नाही. मुकाट्यानं वीज सोडतो, मुकाट्यानं तोडतो. तो दोन तऱ्हांनी चालवता येतो. एक तऱ्हा पंख्याच्या रेग्युलेटरसारखी, विजेची प्रत्येक लाट थोडी थोडी कापून जेवढी हवी तेवढीच पुढे सोडायची. दुसरी तऱ्हा म्हणजे पुऱ्या लाटा सोडायच्या, मग थोड्या अडवायच्या, पुन्हा सोडायच्या, पण इतक्या भराभर की कॉइलला विझायला सवडच मिळत नाही. आणि तिसरा पर्याय तोच जुना कॉन्टॅक्टर, नवा कोरा आणून बसवायचा. जेवणं झाल्यावर मी हे सगळ्यांना सांगितलं. कसं बसवायचं ते चौघांनी मिळून ठरवावं, असं म्हणाले. चौघांनी मिळून काहीतरी करावं एवढाच माझा डाव होता.

पहिला पर्याय दादानं मारला. रेग्युलेटरसारखी तऱ्हा चालू केली, भट्टी काय सुंदर तापली, काटा जागचा हलेना, आणि माजघरात दादाच्या रेडिओतून गांधीलमाश्या घोंघावायला लागल्या. क्रिकेटची कॉमेंटरी चालू होती. चेंडू सीमेपार गेला की गड्याच्या हातात गेला ते दादाला शेवटपर्यंत कळलं नाही. आयुष्यात कधी भट्टीपाशी न फिरकलेला माणूस उठून बेकरीत आला आणि म्हणाला की पाव कच्चे राहिले तरी चालतील, पण हे बंद कर.

दुसरी तऱ्हा चालू केली, तर घरातले सगळे दिवे डोळे मिचकावायला लागले. भट्टी आणि दिवे एकाच फेजवर होते, त्यामुळे भट्टीनं वीज घेतली की दिवा मंद, सोडली की लख्ख. देवघरातला बल्ब, मोरीतला बल्ब, सगळे आपले लुकलुक, लुकलुक. समोरच्या काकू येऊन चौकशी करून गेल्या, दिवाळीची माळ इतक्या लवकर कशी लावली म्हणून. पण यावर इलाज सोपा होता, घराचे दिवे दुसऱ्या फेजवर टाकले की झालं. ते मी लगेच केलं आणि लुकलुक थांबली.

म्हणजे आता सामना दोघांत उरला, बोलका कॉन्टॅक्टर आणि मुका थायरिस्टर. आणि अर्थातच थोरलीला बोलका हवा होता, म्हणून धाकटीला मुका. का धाकटीला मुका हवा होता म्हणून थोरलीला बोलका, देव जाणे. थोरलीचं म्हणणं, खट्ट वाजलं की भट्टी जिवंत आहे हे कळतं, मुक्या भट्टीपाशी मी उभी राहणार नाही. धाकटीचं म्हणणं, खारी कशीही भाजली तरी ती खारीच, पण नानकटाई लहरी असते. साताऱ्याच्या एका दुकानदारानं तिला शब्द दिला होता, प्रत्येक खेप सारखी निघाली तर दिवाळीनंतर दर आठवड्याला माल घेईन. आळशी कॉन्टॅक्टरवर ते जन्मात जमणार नव्हतं. दोघींनी आपापलं म्हणणं मला सांगितलं, मी ते समोरच्या पाटावर बसलेल्या दुसरीला सांगितलं, तिनं उत्तर मला दिलं. माझा घसा बसला. शेवटी दादा म्हणाला, "एका भट्टीवर जमत नाही हे बघतेस ना? म्हणून म्हणतो, वाटणी बरी." आणि दोघी गप्प झाल्या.

त्या गप्प झाल्या तेव्हा मला धडकी भरली, खरं सांगते. भांडत होत्या तोवर आशा होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होते. रेवती मागून आली. इकडेतिकडे बघितलं, जिन्यात वाकून बघितलं, आणि माझ्या हातातली चादर उगीचच स्वतःच्या हातात घेतली.

"ताई, तो खट्टवालाच बसवा."

काल हीच बया माझा घसा बसवून गेली होती.

ती चादरीच्या घड्या घालत बोलत राहिली. जाऊबाईंना नीट दिसत नाही म्हणाली. कधीपासून ते त्या कुणाला सांगत नाहीत, पण तिनं ओळखलंय. ट्रेवरच्या चिठ्ठीवरचं नाव वाचायची वेळ आली की त्यांचे हात नेमके पिठात असतात, गिऱ्हाइकालाच "तुम्ही वाचा" म्हणतात. भट्टीवरचा आकडा तर त्या बघतच नाहीत. खट्ट वाजलं की ट्रे आत, मग अंदाज धरून पुन्हा खट्ट ऐकायचं आणि बाहेर काढायचा. कानांनी भाजतात त्या खारी. मुका डबा बसवला तर त्यांचे हातपायच गळतील.

"मग मोतीबिंदू असेल, दाखवूया की डॉक्टरला," मी म्हणाले.

"त्या ऐकणार आहेत? डोळ्यांचं कळलं तर भट्टीपाशी उभं राहू देणार नाहीत, ही भीती आहे त्यांना. भट्टी सुटली तर काय उरलं त्यांच्याकडे, सांगा बरं?"

"आणि तुझी नानकटाई? साताऱ्याचा दुकानदार?"

"पुढच्या वर्षी बघू." असं म्हणाली खरी, पण चादरीची घडी तिनं मोडून पुन्हा घातली. मग एकदम माझा हात धरला. "मी सांगितलं असं त्यांना कळता कामा नये. तुमच्या मुलांची शपथ आहे. त्यांना वाटेल मी माघार घेतली."

"मग ही माघार नाही तर काय आहे?"

"ही माघार नाही, ताई. ही त्यांची सोय आहे. माघार घ्यायला माझी काय चूक झालीये?"

मी शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालायला अंगणात आले, तर थोरली आधीच तिथं उभी. पाणी घालून झालं होतं तरी तांब्या हातात धरून उभी होती. मला बघून म्हणाली, "वन्सं, ते मुकं यंत्रच बसवा."

मला वाटलं, मी अजून झोपेत आहे.

थोरलीनं तांब्या कठड्यावर ठेवला आणि आवाज खाली आणला. रेवतीची आई गेल्या साली गेली, ते मला ठाऊक होतंच. पण तेव्हापासून रेवती जी नानकटाई करते ती तिच्या आईच्या हातची आहे, हे मला ठाऊक नव्हतं. तीच वेलची, तेच तूप कडवायचं तंत्र. आई असताना कधी शिकली नाही, आता आठवून आठवून करते. चांगली निघाली की पहिली नानकटाई बाजूला काढून ठेवते, कुणाला देत नाही, खात नाही. बिघडली की मोरीत जाऊन रडते, आणि तोंड धुतलं म्हणून सांगते.

"भट्टी सारखी तापली तर पोरीची आई दर आठवड्याला साताऱ्याला जाईल हो," थोरली म्हणाली, आणि मग स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटल्यासारखी पदर सावरायला लागली. "माझं काय, खारी मी कशीही भाजेन."

"पण वहिनी, तुम्हाला तर खट्ट हवं होतं."

"हवं होतं काय, बोलायला काहीतरी हवं असतं." माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "आणि तिला सांगायचं नाही. मी शेवटपर्यंत भांडले असंच सांगायचं. नाहीतर डोक्यावर बसेल. घ्या तुळशीची शपथ."

मी तुळशीची शपथ घेतली. मुलांची शपथ कालच झाली होती. आता खिशात दोन शपथा आणि हातात दोन उलटसुलट फर्मानं. जिनं बोलका हवा म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, ती मुका बसव म्हणते. जिला मुका हवा होता, ती बोलका बसव म्हणते. एकमेकींचं ऐकतील तर शपथ, पण एकमेकींसाठी जीव टाकतील. मी परत आत जाऊन अंथरुणावर बसले आणि मला हसूही आलं आणि रडूही आलं. कुणाला सांगायची सोय नाही, हा खरा जाच.

मग मी डोकं लावलं. इंजिनीअर माणसाला दोन शपथा एका पॅनेलमध्ये बसवता येत नसतील तर शिकून उपयोग काय? भट्टी तापवायचं काम मी थायरिस्टरकडे दिलं. मुकाट्यानं, सारखी, जागची न हलणारी आच. आणि जुना कॉन्टॅक्टर काढून टाकायच्या ऐवजी तिथंच ठेवला. कॉइलशी त्याचा काडीचा संबंध ठेवला नाही. त्याला नुसतं वाजायचं काम दिलं. भट्टी तापून तयार झाली की एकदा खट्ट, आणि ट्रे आत घालून मी नवं बसवलेलं लाल बटण दाबलं की खारी भाजून होण्याच्या वेळेला पुन्हा खट्ट. आवाज तोच, त्याच्या पोटात वीज मात्र नावापुरती. असा रिकामा वाजणारा कॉन्टॅक्टर कुठल्याही कारखान्यात कुणी बसवला नसेल. माझ्या साहेबांनी बघितला असता तर मला बिनपगारी रजेवर पाठवलं असतं.

मी मनातून खूष होते. दोघींनाही उघडपणे मागितलेलं मिळणार, दोघी सुखानं भाजतील, आणि गुपचूप मागितलेलं कुणाला कळणारही नाही. एवढं सगळं जमवलं, पण एक गोष्ट लक्षातच आली नाही. आमच्या घरातली बाई चोरून एखादं काम सांगते, तेव्हा ते झालंय की नाही हे उलट तपासून बघितल्याशिवाय राहत नाही.

वसुबारसेच्या सकाळी पॅनेलला हळदकुंकू वाहिलं, दादानं नारळ फोडला आणि भट्टी चालू केली. रेवती नानकटाईचा ट्रे घेऊन उभी, थोरली खारीचा. मी मध्ये. रेवतीची नजर भट्टीवरच्या आकड्यावर खिळलेली. आकडा दोनशेवर आला आणि तिथंच बसला. ती वाट बघत होती की आता वर उसळेल, मग खाली घसरेल. तो हलेना. तिचा रंग उतरला. माझ्या कानाशी येऊन दातओठ खात पुटपुटली, "ताई, हा हलत कसा नाही? तुम्ही मुका बसवलात? मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

मी काही बोलणार तेवढ्यात खट्ट झालं.

थोरलीचे हात ट्रेवरच थांबले. तिनं ट्रे टेबलावर आदळला आणि माझ्याकडे वळली.

"वन्सं, हे काय? खट्ट काढून टाका म्हटलं होतं ना मी? तुळशीची शपथ घेतली होतीत तुम्ही. आता त्या पोरीची नानकटाई परत..."

आणि तिथं तिच्या तोंडाला कुलूप लागलं. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

दादा दारात उभा होता. त्यानं एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. "म्हणजे कोण कुणाच्या बाजूला आहे?" त्यानं विचारलं आणि नारळाच्या करवंट्या उचलून बाहेर गेला.

रेवतीनं हातातला ट्रे हळूच भट्टीत सारला, दार लावलं. मांजरीकडे नाही, भिंतीकडे नाही, सरळ थोरलीकडे बघून ती म्हणाली, "माझ्या नानकटाईसाठी तुम्ही आवाज सोडणार होतात? आणि मग भाजणार कशा? तुम्हाला दिसत नाही, जाऊबाई."

थोरली टेबलाला धरून उभी राहिली. मग दोन महिन्यांनी पहिल्यांदा ती रेवतीशी बोलली.

"तुला कधी कळलं?"

"डोहाळजेवणाच्या आधीच. पिठीसाखरेऐवजी तुम्ही मैद्यात मैदाच चाळलात त्या दिवशी. मी गुपचूप साखर घातली."

"मग त्या दिवशी मामलेदारीणबाईंपुढे का नाही बोललीस? सगळा दोष मी तुझ्यावर घातला. म्हणायचं होतंस, आंधळी झालीये म्हातारी. तुझी सुटका झाली असती."

"तुम्ही ट्रे उशिरा काढलात, एवढंच म्हटलं मी. दिसत नाही असं कसं म्हणणार, जाऊबाई? चारचौघांत?"

थोरलीनं डोळ्यांना पदर लावला. पिठाचाच पदर, डोळ्यांत मैदा गेला. रेवती पुढे झाली आणि आपल्या पदराच्या कोरड्या टोकानं तिचे डोळे पुसायला लागली, आणि पुसता पुसता स्वतःच रडायला लागली. उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणाली. थोरली म्हणाली, दिवाळी होऊ दे. धाकटी म्हणाली, दिवाळीबिवाळी काही नाही, भट्टी मी बघते. थोरली म्हणाली, तू नानकटाई बघ, खारीला हात लावलास तर बघ. म्हणजे भांडण सुरू झालं, पण आता ते मध्ये मला न घेता.

माझे डोळे भरून आले. मी म्हणाले, "चला, बरं झालं बाई."

दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी तिथं आहे हे त्यांना आत्ता आठवलं होतं.

"आणि या बघ," थोरली रेवतीला म्हणाली. "तुझंही ठाऊक होतं, माझंही ठाऊक होतं. आणि गंमत बघत बसल्या."

"मला मुलांची शपथ घ्यायला लावली होती," मी म्हणाले. "आणि तुळशीची."

"मोडता नसती का आली?" रेवती म्हणाली. "जाऊबाई तुळशीपाशी एवढं बोलल्या, आणि तुम्हाला एक शब्द माझ्या कानावर घालता आला नाही? आणि हे खोटं खोटं वाजणारं काय बसवलंय? फसवायला?"

"तेच म्हणते मी," थोरली म्हणाली. "दोघींनाही फसवलं. आपल्या घरात असं कधी झालं नव्हतं."

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला की यात फसवणूक नाही, थायरिस्टर आणि कॉन्टॅक्टर दोन्ही आपापल्या जागी... पण दोघींनी एकमेकींकडे बघितलं. जावा एकमेकींकडे तसं बघतात ना, नणंद बोलत असताना, तसंच. मला माझं बोलणं तिथंच गिळावं लागलं.

"ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?" रेवतीनं विचारलं. विचारलं म्हणजे सांगितलंच.

"हो, वन्सं, बाहेर. आम्हाला बोलायचंय," थोरली म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं दार लोटलं.

बाहेर पायरीवर दादा करवंट्यांतलं खोबरं काढत बसला होता. मला बघून त्यानं हात थांबवला.

"काय झालं?"

"मला बाहेर काढलं."

"कुणी?"

"दोघींनी."

दादानं चाकू खाली ठेवला. "मिळून?"

"मिळून."

त्यानं चपला पायात सरकवल्या. भिंतीसाठी ठरवलेल्या गवंड्याला येऊ नको म्हणून सांगून येतो, एवढंच म्हणाला आणि फाटकातून बाहेर पडला. मी त्याच्या जागी पायरीवर बसले. बंद दारामागून दोघींचे आवाज येत होते, एकमेकींत मिसळून, कुठला कुणाचा ते कळत नव्हतं. नणंदा कशा असतात यावर चाललं होतं आणि माझ्याबद्दल एकही बरा शब्द निघत नव्हता. मी खोबऱ्याचा एक तुकडा तोंडात टाकला आणि पोटभर ऐकत बसले.